संगणक, कादंबरी आणि समीक्षा एकाच कपाटात: घरचा मिश्र संग्रह लावायचा कसा

घरात शिकलेल्या दोन-तीन पिढ्या असल्या की पुस्तकांचं कपाट हमखास असं होतं: एका फळीवर इंजिनिअरिंगची जाडजूड संगणकाची पुस्तकं, तिच्या वर कथा-कादंबऱ्या, आणि कोणीतरी मराठी घेऊन एम.ए. केलेलं असल्यामुळे खालच्या फळीवर समीक्षेचे ग्रंथ. मधूनमधून दिवाळी अंक, पाककृती, एखादं अर्धं फाटलेलं पंचांग. हे लावायला बसलेला माणूस पहिल्याच तासात अडकतो, कारण सगळ्या पुस्तकांना एकच नियम लावायला जातो: 'जुनं ते काढा', नाहीतर 'पुस्तक कधी टाकू नये'. दोन्ही नियम इथे चालत नाहीत. संगणकाचं पुस्तक काही वर्षांत निरुपयोगी होऊ शकतं, कादंबरीच्या वयाला तसा अर्थ नसतो, आणि समीक्षेचं पुस्तक ज्या साहित्याबद्दल आहे ते साहित्य वाचलं जातं तोवर टिकतं. म्हणून तिन्हींची निवड वेगवेगळ्या कसोट्यांवर करायची आणि मांडणी मात्र एकत्र. खालच्या पायऱ्या त्या क्रमानेच आहेत.

पहिली पायरी: खाली काढणं

हे काम पावसाळ्यात काढू नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की मेअखेरपर्यंत कधीही चालेल. सगळं कपाट एकदम रिकामं करण्याचा उत्साह आवरा. एका वेळी एक फळी, नाहीतर रात्री झोपायला गादी घालायला जागा उरत नाही. तोंडाला मास्क लावा, पुस्तक घट्ट मिटून धरून वरची कड मऊ ब्रशने कण्याकडून बाहेरच्या बाजूला झाडा, मग कोरड्या सुती फडक्याने पुसा. ओलं फडकं नको.

चार ढीग करा: संगणक आणि तत्सम तंत्राची पुस्तकं, कथा-कादंबरी-कविता-नाटक, समीक्षा, आणि 'आत्ता कळत नाही'. चौथा ढीग मोठा झाला तरी चालेल. ज्या पुस्तकांत बारीक गोल भोकं आणि पिठासारखा भुसा दिसेल, ती लगेच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा. पानांत सापडलेल्या चिठ्ठ्या, कात्रणं, जुनी पावती वगैरे एका पाकिटात घालून पाकिटावर पुस्तकाचं नाव लिहा. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असतो, त्यामुळे कात्रण आत राहिलं की समोरच्या दोन्ही पानांवर त्याचा तपकिरी चौकोन उमटतो.

दुसरी पायरी: श्रेयपान वाचायला शिकणं

शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, किंमत असा मजकूर असतो. सगळी निवड याच पानावर होते, म्हणून इथे जरा थांबू.

'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' यांत गफलत होते. आवृत्ती बदलली म्हणजे मजकुराला हात लागला असणं अपेक्षित आहे; पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला. मराठी प्रकाशनव्यवहारात हा भेद नेहमी काटेकोर पाळला जातो असं नाही, आणि 'पाचवी आवृत्ती' म्हणजे पुष्कळदा पाचवी छपाईच असते. कादंबरीच्या बाबतीत त्याने फारसं बिघडत नाही. संगणकाच्या पुस्तकात मात्र सगळा फरक तिथेच असतो. कर्निगन आणि रिची यांचं सी भाषेवरचं प्रसिद्ध पुस्तक १९७८ साली आलं आणि त्याची दुसरी आवृत्ती १९८८ साली. पुढची कित्येक वर्षं ती दुसरी आवृत्तीच पुन्हा पुन्हा छापली गेली. तुमच्या प्रतीवर छपाईचं वर्ष २०१० च्या पुढचं असलं तरी आतला मजकूर १९८८ चाच आहे. तेव्हा यादीत दोन वेगळे रकाने हवेत: आवृत्तीचं वर्ष आणि छपाईचं वर्ष.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे आयएसबीएन, म्हणजेच पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक. २००७ सालापासून तो तेरा आकडी झाला, त्याआधी दहा आकडी होता. भारतातल्या प्रकाशनांचा आकडा ९७८ नंतर ८१ किंवा ९३ ने सुरू होतो. जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच, आणि त्यात काही उणं नाही. दहा आकडी क्रमांक तेरा आकडी करायचा तर पुढे ९७८ लावायचं, शेवटचा आकडा काढून टाकायचा आणि तो नव्याने काढायचा. वर सांगितलेल्या सीच्या पुस्तकाचा जुना क्रमांक ०-१३-११०३६२-८ असा आहे. शेवटचा ८ सोडला आणि ९७८ लावलं की ९७८०१३११०३६२ हे बारा आकडे मिळतात. यांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं आणि बेरीज करायची: ९, २१, ८, ०, १, ९, १, ३, ०, ९, ६, ६ मिळून ७३. पुढची दहाच्या पटीतली संख्या म्हणजे ८०, म्हणून शेवटचा आकडा ७. हे पुस्तकागणिक हाताने करायची गरज नाही, स्प्रेडशीटमध्ये एकदा सूत्र घातलं की झालं. पण एकदा कागदावर करून पाहिलं की यादीत चुकून पडलेला आकडा लगेच पकडता येतो.

तिसरी पायरी: संगणकाच्या ढिगाची झडती

या ढिगाचे पुन्हा तीन भाग होतात.

पहिला भाग तत्त्वाच्या पुस्तकांचा: अल्गोरिदम, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिमचा पाया, कंपायलर, ऑटोमाटा, डिस्क्रीट गणित, डेटाबेसचा सिद्धांत. ही ठेवा. कॉडने डेटाबेसचं रिलेशनल मॉडेल (माहिती तक्त्यांत ठेवायची पद्धत) मांडलं १९७० साली, आणि नॉर्मलायझेशनचं, म्हणजे तक्त्यांतली पुनरुक्ती काढण्याचं, प्रकरण तीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातही आज शिकता येईल असंच असतं. डायक्स्ट्राचा सर्वांत जवळच्या वाटेचा अल्गोरिदम १९५९ सालचा आहे. अशा पुस्तकांच्या नव्या आवृत्तीत भर पडते, जुनं चुकीचं ठरत नाही. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या घरात असतील तर मात्र नवी ठेवा. अपवाद एकच: जुन्या प्रतीत कोणी समासात गणितं सोडवून ठेवली असतील तर ती प्रत सोन्याची.

दुसरा भाग भाषांच्या आणि सॉफ्टवेअरच्या पुस्तकांचा. इथे दया-माया नको. तपासायला दोन मिनिटं पुरतात. पायथनचं पुस्तक असेल तर पहिल्या प्रकरणातला पहिलाच नमुना उघडा. 'प्रिंट' या शब्दानंतर कंस नसेल आणि थेट अवतरणचिन्ह असेल तर ते पायथन २ चं पुस्तक आहे, आणि पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. सी प्लस प्लसच्या पुस्तकात पहिल्या ओळीतल्या 'आयओस्ट्रीम' पुढे 'डॉट एच' असेल तर ते १९९८ च्या प्रमाणीकरणाआधीच्या वळणाचं आहे. त्यातला नमुना आजच्या कंपायलरवर सहसा चालत नाही, आणि शिकणारं पोर स्वतःलाच ढ समजतं. फ्लॅश, जावा ॲपलेट, व्हिज्युअल बेसिक ६ यांची पुस्तकं संग्रहालयाच्या दृष्टीने मजेदार आहेत. घरच्या फळीवर मात्र त्यांनी जागा अडवू नये. पाठीमागे चिकटवलेली सीडी काढून टाका. तिचा डिंक सुटून शेवटची पानं चिकटतात, आणि ती चालवायला घरात ड्राइव्हही उरलेला नसतो.

तिसरा भाग 'लोकल ऑथर'च्या, म्हणजे एखाद्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाबरहुकूम इथल्याच लेखकांनी लिहिलेल्या, पुस्तकांचा. विद्यापीठाचा 'पॅटर्न', म्हणजे अभ्यासक्रमाचा आराखडा, बदलला की त्यांची किंमत जाते. पॅटर्न अजून चालू असेल तर लगेच विका किंवा ज्युनिअरला द्या. पुढच्या परीक्षेपर्यंत थांबलात तर रद्दीचाच भाव येतो. तरी टाकण्याआधी एकदा चाळा. यातल्या काही पुस्तकांत सोडवलेली उदाहरणं इतकी भरपूर असतात की मूळ इंग्रजी ग्रंथ वाचताना शेजारी उघडून ठेवायला बरी पडतात.

भारतीय स्वस्त आवृत्त्यांवर 'फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी' अशा अर्थाचा मजकूर असतो. मजकूर बहुधा मूळ आवृत्तीचाच, पण काही वेळा प्रकरणं गाळलेली किंवा स्वाध्याय बदललेले असतात. परदेशातल्या अभ्यासक्रमासाठी पुस्तक नेणाऱ्याने एवढं पाहून घ्यावं.

चौथी पायरी: कथा-कादंबरी

इथे कसोटी साधी: पुन्हा वाचणार का, कोणाला वाचायला देणार का, किंवा बाजारात आता मिळत नाही का? तिन्हींपैकी एकाचं उत्तर 'हो' असेल तर पुस्तक राहतं. तिन्हींचं 'नाही' असेल तर पुरस्कार मिळालेला असला तरी जाऊ द्या. भेट आलेल्या पुस्तकांबद्दल घरात वाद होतात. अर्पणाची ओळ महत्त्वाची असेल तर त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

अनुवाद असेल तर यादीत अनुवादकाचं नाव आणि मूळ भाषा लिहायलाच हवी. एकाच कादंबरीचे दोन मराठी अनुवाद घरात असू शकतात, आणि अनुवादक माहीत नसेल तर ते एकमेकांच्या नावावर खपतात. संक्षिप्त अनुवादाचा उल्लेख श्रेयपानावर लहान अक्षरांत असतो, तोही टिपा.

दिवाळी अंकांना कादंबऱ्यांच्या रांगेत घुसवू नका. वर्षवार उभे, मासिकांच्या खोक्यात. त्यातली एखादी दीर्घकथा पुढे पुस्तकात आलेली असते, पण अंकातलं चित्र, जाहिराती आणि संपादकीय पुस्तकात येत नाहीत. माझा कल अंक राखण्याकडे आहे. घरच्यांचा नसतो, हेही खरं.

पाचवी पायरी: समीक्षा

सगळ्यांत जास्त अन्याय या ढिगावर होतो. कोणी उघडत नाही म्हणून पहिली पोतडीत जातात ती हीच पुस्तकं, आणि पुढे हवी झाली की सर्वांत अवघड मिळतात तीही हीच, कारण त्यांच्या प्रती मुळातच कमी छापलेल्या असतात. तेव्हा शंका आली तर कादंबरी सोडा, समीक्षा ठेवा.

समीक्षेचे ढोबळ चार प्रकार पडतात. साहित्यसिद्धान्त आणि सौंदर्यशास्त्र; वाङ्मयेतिहास; एका लेखकावरचा किंवा एका कृतीवरचा ग्रंथ; आणि लेखसंग्रह, ज्यात परीक्षणं, प्रस्तावना, गौरवग्रंथ सगळं येतं. पहिले दोन प्रकार एकत्र एका फळीवर. तिसऱ्या प्रकाराला समीक्षेच्या फळीवर ठेवूच नका. मर्ढेकरांच्या कवितेवरचं पुस्तक मर्ढेकरांच्या कवितेशेजारी ठेवा. वाचनालयांत विषयांना आकडे देऊन पुस्तकं लावतात त्या दशांश वर्गीकरणातही एका लेखकावरची समीक्षा त्या लेखकाच्या साहित्याजवळच जाते, आणि त्यामागे शहाणपण आहे: कविता वाचताना अडलेला वाचक हात लांबवून समीक्षा काढतो, उठून दुसऱ्या कपाटाशी जात नाही.

चौथा प्रकार कटकटीचा. लेखसंग्रहाच्या नावावरून आत काय आहे ते कळत नाही, आणि मराठी समीक्षाग्रंथांना शेवटी नामसूची असेलच याची खात्री नाही. नसेल तर स्वतः करा. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लेखकाचं आडनाव आणि पानांचे आकडे, एवढंच: 'खानोलकर ४१–५८, चित्रे ९०'. अनुक्रमणिका पाहून अर्ध्या तासात एक पुस्तक होतं. अशी वीस पुस्तकं झाली की घरात तुमची स्वतःची संदर्भसूची तयार असते, आणि एम.ए. करणारी शेजारची मुलगी वाचनालयाआधी तुमच्याकडे येते.

सहावी पायरी: मांडणीचा क्रम

वाचनालयांचं दशांश वर्गीकरण मेलव्हिल ड्युईने १८७६ साली प्रसिद्ध केलं. घरासाठी ते जसंच्या तसं घेण्याची गरज नाही, पण त्याचा सांगाडा उपयोगी आहे. संगणकाला ००४ ते ००६: त्यात ००५ म्हणजे प्रोग्रॅमिंग, ००६ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे. साहित्य ८०० च्या घरात. मराठी साहित्य ८९१.४६, त्यात शेवटी १ जोडला की कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध. आठ-नऊशे पुस्तकांच्या आत असाल तर कण्यावर आकडे चिकटवू नका. फळीच्या कडेला एक चिठ्ठी पुरते.

खरा प्रश्न पडतो तो अनेक प्रकारांत लिहिणाऱ्यांचा. नेमाड्यांची 'कोसला' कादंबरीत आणि 'टीकास्वयंवर' समीक्षेत ठेवायचं, की दोन्ही नेमाडे म्हणून शेजारी? जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा एका फळीवर, विश्वरचनाशास्त्रावरची पुस्तकं दुसऱ्या आणि आत्मचरित्र तिसऱ्या? माझा नियम असा: साहित्य आणि साहित्याबद्दलचं लेखन एकाच लेखकाचं असेल तर एकत्र ठेवा, कारण एक दुसऱ्यावर प्रकाश टाकतं. साहित्य आणि शास्त्र असेल तर वेगळं, कारण शास्त्राचं पुस्तक शोधणारा विषयाने शोधतो. नारळीकरांच्या विज्ञानकथा म्हणून कथांत. कोणाला हे उलट वाटेल, त्याने उलट करावं. मात्र एकदा ठरवलं की प्रत्येक लेखकाला तेच लावायचं.

टोपणनावांचं आधी ठरवा. चिं. त्र्यं. खानोलकरांनी कविता 'आरती प्रभू' नावाने लिहिली आणि कादंबऱ्या-नाटकं स्वतःच्या. पुस्तकावर जे नाव छापलं आहे त्याखालीच पुस्तक लावा, आणि यादीत दुसऱ्या नावापुढे 'पाहा' अशी नोंद द्या. म्हणजे पाहुण्यालाही सापडतं.

सातवी पायरी: यादी

एक स्प्रेडशीट पुरते. रकाने: आडनाव, नाव, शीर्षक, अनुवादक किंवा संपादक, प्रकाशक, आवृत्तीवर्ष, छपाईवर्ष, आयएसबीएन, प्रकार, जागा, कोणाकडे गेलं, कधी. 'जागा' म्हणजे कपाटाचं अक्षर आणि फळीचा आकडा: 'ब३'. शेवटचे दोन रकाने भरायचा कंटाळा आला की पुस्तकं जातात, परत येत नाहीत.

नवीन पुस्तकं फोनच्या कॅमेऱ्याने बारकोड वाचून भरता येतात, पण मराठी पुस्तकांची माहिती तशी मिळालीच तर रोमन लिपीत आणि चुकीच्या स्पेलिंगसह येते. ती हाताने देवनागरीत लिहा, तीही युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत. जुन्या डीटीपी फॉन्टात केलेली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा शिमगा होतो.

देवनागरी यादीत दोन खोड्या आहेत. पहिली, 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रही आहे आणि 'अ' वर चंद्र देऊनही तयार होतं. डोळ्याला दोन्ही जवळजवळ सारखी, संगणकाला वेगवेगळी. अर्ध्या यादीत एका तऱ्हेने 'ॲल्गोरिदम' आणि अर्ध्या यादीत दुसऱ्या तऱ्हेने पडला असेल तर शोधल्यावर अर्धीच पुस्तकं दिसतात. दोन कीबोर्ड वापरणाऱ्या घरात हे हटकून होतं. एक रूप ठरवा आणि 'शोधा व बदला' वापरून सगळीकडे तेच करा. दुसरी, वर्णक्रम. आपल्या शाळेतल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ह नंतर येतात. युनिकोडच्या क्रमात ळ हा ल च्या लगेच मागे बसतो, 'क्ष' हा क आणि ष यांचं जोडाक्षर म्हणून क मध्ये जातो आणि 'ज्ञ' ज मध्ये. मग 'क्षीरसागर' हे आडनाव कुलकर्ण्यांच्या मागेच सापडतं. काही सॉफ्टवेअर मराठी क्रम पाळतं, काही नाही. आपल्या यादीला चार आडनावं टाकून आधीच तपासा आणि फळीवरचा क्रम यादीच्या क्रमाशी जुळवा. दोन्हींत फरक राहिला की पुस्तक लावणारा आणि शोधणारा यांची भांडणं ठरलेली.

आठवी पायरी: फळी, ओल आणि कसर

संगणकाची पुस्तकं जड आणि रुंद, मराठी कादंबऱ्या बहुतेक डेमी आकाराच्या. विषयवार क्रम पाळूनही जड पुस्तकं कंबरेच्या खालच्या फळीवरच घ्या. प्लायची फळी अडीच फुटांहून लांब असेल तर मधे आधार द्या, नाहीतर वर्षभरात पोक येतो. पुस्तकं उभी, सैल. बोट घालून काढता आलं पाहिजे. फार मोठा ग्रंथ असेल तर आडवा ठेवा, उभ्या ग्रंथाची पानं बांधणीतून ओघळतात.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, दोन-तीन इंच मोकळे सोडा. कोकणात आणि गोव्यात तर जून ते सप्टेंबर त्या भिंतीवर पुस्तक टेकवूच नये. गुळगुळीत कागदाची पुस्तकं भिजली तर पानं एकमेकांना कायमची चिकटतात, म्हणून ती वाळायच्या आत पानापानांत कोरा कागद घालून पंख्याखाली उघडी करा. उन्हात मात्र नको.

पिशवीत बाजूला काढलेली किडकी पुस्तकं आठवतात ना? हवा काढून पिशवी घट्ट बांधा आणि फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला आल्यावर, साधारण दिवसभराने उघडा, नाहीतर पानांवर पाणी जमतं. वाळवीला हा उपाय नाही. ती भिंतीतून येते, तिला पेस्ट कंट्रोलच लागतं. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, पिवळी पडून कागद खाते.

शेवटची पायरी: बाहेर जाणारी पुस्तकं

चालू अभ्यासक्रमाची पुस्तकं जुनी पुस्तकं घेणाऱ्या दुकानात किंवा थेट विद्यार्थ्यांना. पुण्यात अप्पा बळवंत चौकात सत्र सुरू होण्याच्या आधीचे दिवस त्यासाठी बरे. कथा-कादंबऱ्या गावच्या किंवा वस्तीच्या वाचनालयाला, पण पोतं नेऊन टाकण्याआधी यादी पाठवून 'काय हवं' असं विचारा. त्यांनाही जागेची अडचण असते, आणि नको असलेलं पुस्तक तिथूनही रद्दीतच जातं. समीक्षा महाविद्यालयाच्या मराठी विभागाला किंवा संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला. जुनं, दुर्मीळ वाटणारं मराठी पुस्तक असेल तर शंकर गणेश दाते यांच्या ग्रंथसूचीत आधी पाहा. तिच्यात १८०० पासूनच्या मराठी पुस्तकांच्या नोंदी आहेत, आणि तुमच्या हातातली प्रत नक्की काय आहे ते तिथे कळू शकतं. पायथन २, फ्लॅश आणि सीडीवाली पुस्तकं मात्र कोणाला 'दान' करू नका. ती थेट रद्दीवाल्याला, सीडी वेगळी काढून ई-कचऱ्यात.